कॉर्टिसॉल ४.८ आलंय. ‘अ‍ॅड्रिनल थकली’ असं खरंच असतं का?

रात्रपाळी

प्रश्न लांबलाय, पण अर्धवट माहितीवर उत्तर अर्धवटच मिळेल म्हणून सगळं लिहिते.

वय ३६. नोकरी फिरत्या पाळ्यांची, त्यात रात्रीच जास्त. गेल्या दीड-दोन महिन्यांत अंगात त्राण म्हणून राहिलेलं नाही. पुरेशी झोप काढली तरी ताजंतवानं वाटत नाही. दात घासताना उमासे येतात. खाली बसून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. सांधे ठणकतात, तेही एखादा नाही, सगळेच. वजन आपोआप उतरलं. त्याचं बाकीच्यांनी कौतुक केलं, मला मात्र भीती वाटली.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून झालंय, दोन्ही ठीक. मग एका ऑनलाइन आरोग्य-सल्लागार बाईंनी हार्मोन तपासण्यांचं पॅकेज करायला लावलं. त्यात कॉर्टिसॉल ४.८. शेजारी छापलंय ६.२ ते १९.४, आणि माझ्या आकड्यापुढे लाल बाण. नमुना संध्याकाळी पावणेपाचला दिला होता. आदल्या रात्री ड्यूटी होती, त्यामुळे त्या दिवशी दुपारी तीनला उठले होते. बाईंचं म्हणणं असं की वर्षानुवर्षांच्या ताणामुळे माझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात आणि मी ‘तिसऱ्या पायरीवर’ आहे. त्यावर तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय: प्राण्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींची पावडर भरलेल्या कॅप्सूल, ज्येष्ठमधाचा अर्क आणि काही जीवनसत्त्वं.

असा थकवा खरंच असतो का? कोर्स सुरू करू का? कोणाला अनुभव आहे?

औषधं विचाराल म्हणून सांगते, सध्या कुठलंच नाही. आधी त्वचेच्या विकारासाठी प्रेडनिसोलोन होतं, रोज १० मिलिग्रॅम, वर्षभराहून जास्त काळ. चेहरा गोल व्हायला लागला आणि त्वचाही सुधारली होती, म्हणून दोन महिन्यांमागे बंद केलं.

---

रोखठोक

अ‍ॅड्रिनल फटीग नावाचा आजार वैद्यकशास्त्रात नाही. विषय संपला. कॅप्सूल विकायच्या असल्या की आधी आजार विकावा लागतो. रात्रपाळ्या कमी करा, मोबाइल लांब ठेवून झोपा, महिन्याभरात माणसात याल.

---

नमुना_नळी

मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे फक्त आकड्याबद्दल बोलतो.

कॉर्टिसॉल दिवसभर एका पातळीवर नसतं. रात्री झोपणाऱ्या माणसात ते पहाटेपासून चढतं, उठण्याच्या सुमारास शिखरावर असतं, मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या आसपास तळ गाठतं. तुमच्या रिपोर्टवर छापलेला ६.२ ते १९.४ हा सकाळच्या नमुन्याचा पट्टा आहे. दुपारनंतरचा पट्टा किटनुसार थोडा बदलतो, पण साधारण अडीच ते बारा असा असतो. संध्याकाळी पावणेपाचच्या ४.८ ला सकाळच्या पट्ट्याशी ताडून लाल बाण मारणं हे सॉफ्टवेअरचं काम. नमुन्याची वेळ कोणी भरली नसेल तर ते तरी काय करणार!

आता गुंता असा की तुम्ही त्या दिवशी दुपारी तीनला उठलात. पाळ्या फिरत्या असल्या की हे चक्र धड दिवसाचंही राहत नाही आणि धड रात्रीचंही. म्हणून तुमच्या ४.८ वरून ‘कमी आहे’ असंही म्हणता येत नाही आणि ‘ठीक आहे’ असंही नाही.

पुन्हा तपासणी कराल तेव्हा तीन गोष्टी फॉर्मवर लिहायला लावा: झोपून कधी उठलात, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का (त्यातल्या इस्ट्रोजेनने रक्तातलं कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि आकडा फुगतो), आणि केसांसाठी वगैरे बायोटिन घेता का. मोठ्या डोसातलं बायोटिन काही पद्धतींच्या चाचण्यांमध्ये आकडा खोटा चढवतं. एककही बघून घ्या. काही ठिकाणी रिपोर्ट नॅनोमोलमध्ये देतात, तिथे तुमचे ४.८ मायक्रोग्रॅम १३२ च्या आसपास दिसतील. ते बघून लोक उगाच हुरळतात.

---

खारट

रात्रपाळी ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे, आणि वरच्या दोघांनीही त्याला हात लावलेला नाही. सल्लागार बाईंनी ते विचारलं होतं का, हेही मला कळायला आवडेल.

आधी मी कोण ते सांगतो. मला अ‍ॅडिसनचा आजार आहे, बरीच वर्षं. माझ्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी क्षयाने संपवल्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या, प्रत्येकी चार-पाच ग्रॅमच्या त्या दोन ग्रंथी गेल्या की काय होतं ते मी अंगावर काढलंय. डॉक्टर नाही, पण या एका विषयात वाचन सक्तीचं झालं.

तुम्ही वर्षभर रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, घेत होता. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे जवळपास २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, आणि हायड्रोकॉर्टिसोन म्हणजेच कॉर्टिसॉल. निरोगी शरीर दिवसभरात बनवतं साधारण १० ते २० मिलिग्रॅम. म्हणजे गरजेच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त माल रोज बाहेरून येत होता. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी रक्तातलं कॉर्टिसॉल बघून एसीटीएच सोडते, आणि त्या एसीटीएचच्या हुकमावर अ‍ॅड्रिनल चालते. दारात रोज टँकर उभा राहतोय म्हटल्यावर विहिरीवरचा पंप कोण चालू ठेवतो? पिट्युटरी गप्प बसते, हुकूम येत नाही म्हणून अ‍ॅड्रिनलचा कॉर्टिसॉल बनवणारा थर आक्रसतो. मग एक दिवस गोळी बंद होते, आणि आतून काही येत नाही. ही यंत्रणा पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात, काहींना कित्येक महिने, काहींना वर्षाहून जास्त. म्हणूनच तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त चाललेलं स्टिरॉइड एकदम तोडायचं नसतं, टप्प्याटप्प्याने उतरवायचं असतं. गोळीच लागते असंही नाही. दम्याचे मोठ्या डोसाचे इन्हेलर, सांध्यात घेतलेली इंजेक्शनं, तीव्र स्टिरॉइडची मलमं दीर्घकाळ लावणं, यांनीही हे होऊ शकतं.

मळमळ, उठताना अंधारी, सगळे सांधे ठणकणं, वजन उतरणं, आणि सुरुवात गोळी थांबवल्यानंतर. तुम्ही लिहिलेली यादी या चित्रात बसते. तेच आहे असं मी म्हणत नाही, ते तपासणी सांगेल. पण ही शक्यता खोडल्याशिवाय दुसरं काही करू नका.

रोखठोक, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी या तथाकथित थकव्यावरचे उपलब्ध अभ्यास चाळून काढले, आणि ताणाने अ‍ॅड्रिनल दमते याला आधार सापडला नाही. उलट जोराचा ताण आला की धडधाकट अ‍ॅड्रिनल जास्त कॉर्टिसॉल बनवते. इथवर तुमचं-माझं एकमत. पण पुढे तुम्ही जे केलंत ते मला त्या कॅप्सूलवाल्या बाईंइतकंच धोक्याचं वाटतं. त्यांनी खोट्या आजाराचं नाव दिलं, तुम्ही ते नाव खोडलंत आणि सोबत माणसालाही घरी पाठवलंत. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ खोटं आहे म्हणून अ‍ॅड्रिनल अपुरी पडणं खोटं होत नाही. या अवस्थेतल्या माणसाला ताप आला, उलट्या लागल्या किंवा अपघात झाला की बीपी असं कोसळतं की सलाईन आणि १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं नाही तर जीव जातो. झोप काढून ते भरून निघत नाही.

आता एक गोष्ट, जी डॉक्टरकडे जाण्याआधी तुम्हाला माहीत असलेली बरी. नेटवर वाचलंत तर लिहिलेलं असतं की अ‍ॅडिसनमध्ये त्वचा काळवंडते आणि मिठाची ओढ लागते. मला दोन्ही झालं होतं. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या शाई लावल्यासारख्या, बोटांचे पेर काळे, आणि दिवसभर टेबलाशी बसून काम करणाऱ्या मला लोक विचारायचे, उन्हात कुठे फिरता? मीठ तर मी नुसतं चिमटीने तोंडात टाकायचो, या नावाचा उगम तोच. शेवटी बेशुद्धावस्थेत नेलं तेव्हा सोडियम ११६ आणि पोटॅशियम ६ च्या वर होतं. तोवर माझ्यावर आम्लपित्ताचे आणि नैराश्याचे उपचार चालू होते.

तुमच्यात मात्र यातलं काही दिसणार नाही, आणि ते न दिसण्याला कारण आहे. माझ्यात बिघाड ग्रंथीत. कॉर्टिसॉल येत नाही म्हणून पिट्युटरी जिवाच्या आकांताने एसीटीएच सोडत राहते, आणि एसीटीएच ज्या मोठ्या प्रथिनातून कापून निघतं त्याच प्रथिनातून त्वचेला रंग चढवणारं हार्मोनही निघतं. म्हणून काळवंडणं. तुमच्यात हुकूमच थांबलाय, एसीटीएच कमी, तेव्हा रंग बदलत नाही. तीच गोष्ट मिठाची. सोडियम धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन अ‍ॅड्रिनलच्या सर्वांत बाहेरच्या थरात बनतं आणि ते मुख्यतः मूत्रपिंडाच्या रेनिनचं ऐकतं, पिट्युटरीचं नाही. तो थर तुमचा शाबूत असणार. मग पोटॅशियम नॉर्मल, त्वचा नॉर्मल, आणि वरवर बघणारा म्हणतो, ‘छे, अ‍ॅडिसनसारखं काही दिसत नाही.’ तेव्हा खोलीत शिरल्याबरोबर पहिलं वाक्य हेच बोला: वर्षभर रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेत होते, दोन महिन्यांपूर्वी बंद केलं.

जायचं एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे. वेळ पुढची मिळत असेल तर ज्यांनी प्रेडनिसोलोन लिहून दिलं होतं त्यांना आजच फोन करा, आणि उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा. मधल्या काळात उलट्या थांबेनाशा झाल्या, ताप चढला, उभं राहवेना किंवा गुंगी आली तर कुठल्याही आपत्कालीन विभागात जाऊन ‘स्टिरॉइड बंद केलंय’ हे आधी सांगायचं. घरच्या कोणाला तरी हे वाक्य आज पाठ करून ठेवायला सांगा. त्या वेळी तुम्हाला बोलता येईलच असं नाही.

बाकी गंमत बघा. ग्रंथीचं नाव घेतलं की लोकांना अ‍ॅड्रिनलीन आठवतं. ते बनतं ग्रंथीच्या गाभ्यात, आणि नेमकं त्याच्याशिवाय माणूस जगू शकतो. दोन्ही ग्रंथी काढलेल्या माणसाला कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉनच्या जागी गोळ्या द्याव्या लागतात, अ‍ॅड्रिनलीन कोणी देत नाही. थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ मध्ये लंडनमध्ये हा आजार लिहून ठेवला तेव्हा यातलं एकही हार्मोन कोणाला ठाऊक नव्हतं. उपचारात कॉर्टिसोन यायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं गेली. माझ्या खिशातल्या डबीची किंमत मला त्या हिशेबाने कळते.

---

वरचा_आकडा

मी या ग्रंथीची दुसऱ्या टोकाची रुग्ण. माझ्या डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये छोटी गाठ होती आणि ती बेसुमार अल्डोस्टेरॉन सोडायची. तिशीतच बीपी १७०-१८०, तीन गोळ्यांनाही दाद नाही, पोटॅशियम २.९, पायात रात्रीचे गोळे. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला हाच तो आजार. गाठ काढली, आता एका गोळीवर भागतं. पोटॅशियम नॉर्मल असलं तरी हा आजार असू शकतो, किंबहुना बऱ्याच रुग्णांत ते नॉर्मलच असतं. त्यामुळे ऐन तरुणपणी बीपी चढलं किंवा गोळ्यांना ऐकेनासं झालं तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं गुणोत्तर काढून घ्या. ते सुचवायला माझ्या बाबतीत चौथा डॉक्टर लागला.

पण लिहायला आले ते ज्येष्ठमधासाठी. मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) असतं, जे कॉर्टिसॉलला निष्प्रभ करतं आणि अल्डोस्टेरॉनची जागा अल्डोस्टेरॉनलाच ठेवतं. ज्येष्ठमध त्या विकराला दाबतं. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनसारखं वागायला लागतं: बीपी वर, पोटॅशियम खाली. एखाद्या दिवशी घसा बसला म्हणून काडी चघळणं वेगळं आणि तीन महिने रोज अर्क पिणं वेगळं.

आणि त्या ग्रंथींच्या पावडरी! अशी उत्पादनं तपासली गेली तेव्हा त्यांत थायरॉइडचं हार्मोन आणि काहींत स्टिरॉइडं निघालेली आहेत, लेबलवर अवाक्षर नसताना. रात्रपाळी, तुमची स्टिरॉइडनेच घोटाळलेली यंत्रणा असेल तर बेहिशेबी स्टिरॉइड तुम्हाला नकोच. थायरॉइडचंही नको. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉइडचं हार्मोन वाढलं तर शरीर उरलंसुरलं कॉर्टिसॉल आणखी वेगाने संपवतं.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. खारट काका (काका म्हटलं तर चालेल ना?), बाईंनी औषधांचं विचारलं होतं, मी ‘सध्या काही नाही’ म्हटल्यावर त्या पुढच्या प्रश्नाकडे गेल्या.

एक शंका. चेहरा गोल झाला होता, मानेमागे मांस चढल्यासारखं झालं होतं, पोटावर जांभळट रेघाही. ते मी वाचलं तर कुशिंगचा आजार म्हणतात, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त. आणि तुम्ही म्हणताय कमी. दोन्ही एकाच माणसाला कसं?

---

खारट

काका चालेल, आजोबा व्हायला अजून अवकाश आहे.

दोन्ही खरं, आणि कारण एकच. गोळी चालू होती तेव्हा अंगात स्टिरॉइड जास्त होतं, त्याने चेहरा, मान आणि रेघा झाल्या. हे कुशिंगचंच रूप, फक्त गाठीमुळे नाही, औषधामुळे. सगळ्यात जास्त दिसणारं कुशिंग हेच. हार्वी कुशिंगने वर्णन केलेले रुग्ण पिट्युटरीच्या गाठीचे, ते त्या मानाने फार विरळ. आणि त्याच काळात आत तुमच्या स्वतःच्या ग्रंथी निजलेल्या होत्या. बाहेरचा पुरवठा तुटला तेव्हा ते उघडं पडलं. अजूनही चेहरा थोडा गोल असेल, तर त्यावरून ‘हिच्यात कॉर्टिसॉल भरपूर आहे’ असा निष्कर्ष कोणी काढला तर काढू देऊ नका. चरबी ओसरायला वेळ लागतो, पुरवठा मात्र कधीच थांबलाय.

---

रोखठोक

स्टिरॉइडचा मुद्दा मान्य. पण मग सकाळचं कॉर्टिसॉल किती आलं की खात्री म्हणायची? इथे प्रत्येकजण वेगळा आकडा टाकतो.

---

नमुना_नळी

कारण एका आकड्यावर काम भागत नाही. सकाळी आठ-नऊच्या नमुन्यात ३ च्या खाली आलं तर संशय दाट. १५ ते १८ च्या वर असेल तर बहुतेक वेळा काळजी मिटते. मधल्या पट्ट्यात एसीटीएचची चाचणी करतात: २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचायचं आणि अर्ध्या तासाने व तासाने कॉर्टिसॉल किती चढतं ते बघायचं. जास्त कॉर्टिसॉलचा संशय असेल तर उलटी चाल. रात्री अकराला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देऊन सकाळी कॉर्टिसॉल १.८ च्या खाली दबतं का ते पाहायचं. म्हणजे कमीचा संशय असला की ग्रंथीला ढोसून बघायचं, जास्तीचा असला की दाबून.

---

रात्रपाळी

जाऊन आले. ज्यांनी प्रेडनिसोलोन लिहिलं होतं त्यांनीच त्याच दिवशी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे धाडलं. चार रात्री सुट्टी घेऊन नीट झोपून, सकाळी आठला नमुना दिला. कॉर्टिसॉल २.१, एसीटीएचही कमी, सोडियम-पोटॅशियम नॉर्मल. काका म्हणाले तसंच. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालंय, उठल्यावर १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी जिना न थांबता चढले. ताप आला तर डोस दुप्पट-तिप्पट कसा करायचा ते लिहून दिलंय, उलट्या झाल्या तर इंजेक्शन, आणि पाकिटात ठेवायला कार्डही. कॅप्सूलचा कोर्स घेतला नाही.

आता अडलंय ते असं की पुढच्या आठवड्यापासून पुन्हा रात्रपाळी. सकाळी आठला मी झोपायला जाते. तेव्हा ‘सकाळची’ गोळी घेऊ की कसं? आणि फेरतपासणीला जायचं तेव्हा गोळी घेऊन जायचं का?

---

खारट

डोस झोपून उठण्याला बांधलेला असतो, घड्याळाच्या आठला नाही. दुपारी तीनला उठलात तर तीनला मोठी गोळी, छोटी त्यानंतर काही तासांनी, आणि झोपायच्या आधीचे तास मोकळे ठेवायचे, नाहीतर झोप उडते. पाळी बदलते त्या दिवशी मधली फट खूप लांबते, तेव्हा एखादी छोटी मात्रा वाढवायची का हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. माझ्या ओळखीत फिरत्या पाळीतला एक अ‍ॅडिसनवाला आहे, त्याच्याकडे असा कागदच आहे, दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा. कामाच्या जागी एका तरी सहकाऱ्याला इंजेक्शन कुठे ठेवलंय ते दाखवून ठेवा.

---

नमुना_नळी

फेरतपासणीआधी हायड्रोकॉर्टिसोन थांबवावं लागतं, नाहीतर आम्ही तुमची गोळीच मोजू. साधारण आदल्या सकाळनंतरचा डोस घ्यायचा नसतो, पण नेमका किती तास आधी ते डॉक्टर सांगतील, मनाने थांबवू नका. नमुना दिल्या दिल्या घेता यावी म्हणून गोळी आणि पाणी सोबत आणा. आणि तारीख रात्रपाळीच्या आठवड्यात घेऊ नका, या वेळसारखंच दोन-चार रात्री झोपून झाल्यावरची घ्या.